दाजींच्या बंद चिठ्ठ्या

३ फेब्रुवारी

चि. भिंगरी,

दाजींना जाऊन चार महिने झाले. सांत्वनाचं जे बोलायचं ते समक्ष बोललो, पुन्हा लिहून खपली काढत नाही. आज कामाचं लिहितो.

तुझ्या वडिलांच्या लोखंडी कपाटात खालच्या खणात एक चपटी पेटी आहे. तिच्यात निकेलची चाळीस नाणी असतील. प्रत्येक नाणं वेगळ्या पाकिटात आणि प्रत्येक पाकिटात घडी घालून चिकटवलेली एक चिठ्ठी. चिठ्ठ्या तू उघडायच्या नाहीत. का, ते सांगतो.

एकोणीस वर्षं दाजी आणि मी टपालानं नाणी पारखत आलो. आमच्या शिडीला दहा पायऱ्या. दहावी म्हणजे टाकसाळीतून निघालं ते कुणाच्या खिशात गेलंच नाही. पहिली म्हणजे गोल आहे म्हणून नाणं म्हणायचं. दाजी आपली पायरी चिठ्ठीत लिहून ती चिकटवायचे. मी नाणं बघून माझी पायरी पाकिटावर लिहायचो आणि मगच त्यांची चिठ्ठी फोडायचो. एका पायरीचा फरक आम्ही चालवून घ्यायचो. दोन पायऱ्यांचा कधी पडलाच नाही. हे आम्हाला कुणी शिकवलं नव्हतं. मी वजनकाटे दुरुस्त करणारा, ते गिरणीत हजेरी लिहिणारे. भिंग, चुंबक आणि चिकाटी, एवढंच भांडवल.

या चाळीस नाण्यांवरची त्यांची मतं अजून बंद आहेत. त्यांचं माझ्याशी एवढंच बोलायचं राहिलंय. दहा-दहा नाणी रजिस्टर टपालानं पाठव. सोबत नवी पाकिटं पाठव, पन्नास, आणि पांढरीच.

नाणं कडेनं धर. पुसू नकोस, फुंकर मारू नकोस आणि धुवायचं तर मनातही आणू नकोस. धुतलेल्या नाण्याला आमच्या शिडीवर पायरीच नाही. त्याची जागा खाली, जमिनीवर.

मामा

१२ फेब्रुवारी

ती. मामा,

पेटी तुम्ही सांगितली तिथेच होती. पहिली दहा नाणी आणि पाकिटं पाठवतेय. चिमट्यानं उचलली, श्वाससुद्धा बाजूला सोडला. चिठ्ठ्यांकडे बघितलं नाही.

माझं रफूच्या दुकानातलं काम ठीक चाललंय. मालकीणबाई म्हणतात, रफू केलेलं दिसलं तर ते ठिगळच म्हणायचं. दिवसातून वीसदा दोरा घेऊन दुकानाच्या दारात उजेडात जावं लागतं, कारण आत दिव्याखाली सगळे पांढरे सारखेच दिसतात. गिऱ्हाइकांना वाटतं ही पोरगी रस्ता बघत उभी असते.

खोलीत बाबांची खुर्ची अजून खिडकीतच आहे. हलवली तर जागा होईल. पण जागा घेऊन करू काय?

तुम्ही जेवणाची आबाळ करत नाही ना?

तुमची भिंगरी

२५ फेब्रुवारी

चि. भिंगरी,

नाणी पोचली. दोन संध्याकाळी आणि एक अख्खा रविवार लावून बघितली, मग चिठ्ठ्या फोडल्या. दहाच्या दहा ठिकाणी दोन-दोन पायऱ्यांचा फरक निघाला. दाजी नववी म्हणतात तिथे मी सातवी, ते आठवी म्हणतात तिथे मी सहावी.

ही सगळी जहाजछाप नाणी. डोलकाठीपासून खाली येणारे सहा दोर सुटे मोजता आले, तरच नववीच्या पुढची गोष्ट करायची. दाजींनी चिठ्ठीत लिहिलंय, 'सहा दोर, रंग स्वच्छ.' मला कसेबसे चार दिसतात आणि साऱ्या नाण्यावर एक पिवळट झाक आहे. निकेल असं उगीच पिवळं पडत नाही. पेटी कुठे ठेवली होतीस? शेजारी रबर, लोकर, रंगाचा डबा काही होतं का? कुणी हात लावला का? रागावणार नाही, खरं सांग.

आणि पाकिटं पांढरी मागितली होती, तू पिवळी पाठवलीस. दुकानदारानं फसवलं असेल. हल्ली कशातच दम राहिला नाही. दिवे मिणमिणते, वर्तमानपत्राची शाई फिकी, परीटसुद्धा सदरे मळकेच परत आणतो. एका कारखान्यानं माझे दोन काटे 'रेघ चुकली' म्हणून परत पाठवले. चौतीस वर्षांत पहिल्यांदा. त्यांचा नवा साहेब नवशिका आहे.

वरच्या मजल्यावरच्या बाई जिन्यात म्हणाल्या, तुम्ही हल्ली ओळख देत नाही. मी म्हटलं, जिन्यात कुणी असलं तर देईन ना.

पुढची दहा पाठव.

मामा

५ मार्च

ती. मामा,

पेटी लोखंडी कपाटात, बाबांच्या कोऱ्या वह्यांवर होती. शेजारी रबर नाही, लोकर नाही. बाबा गेल्यापासून ते कपाट मी दोनदाच उघडलं. एकदा त्यांचे कपडे द्यायला आणि एकदा तुमचं पत्र आल्यावर.

पुढची दहा पाठवतेय. पाकिटं दुसऱ्या दुकानातून आणली. दुकानदाराला म्हटलं, पांढऱ्यातलं पांढरं द्या, आमचे मामा पारखी आहेत. तो म्हणाला, याहून पांढरं हवं असेल तर दूध घेऊन जा.

त्या बाईंना एकदा 'काय कसं काय' म्हणा. तुमच्या जिन्यात तेवढंच एक माणूस आहे.

भिंगरी

१७ मार्च

चि. भिंगरी,

दुसरी दहा बघितली. तोच प्रकार. पाकिटंही पुन्हा पिवळीच. त्या दुकानदाराला माझ्यातर्फे सांग, की दूध पिवळं असलं तर ते नासलेलं असतं.

आता एक लिहितो, ते शांतपणे वाच. दाजींची पारख शेवटच्या दिवसांत सैल झाली होती असं मला वाटतं. आजारी माणसाचा जीव हळवा होतो, नाण्यालासुद्धा वाईट म्हणवत नाही. मी त्यांना दोष देत नाही. पण वहीत वीस ठिकाणी मी 'दाजींचं मत ग्राह्य नाही' असं लिहिलंय. लिहिताना हात जड झाला, पण वही ती वही.

दुसरं याहून वाईट. शंका आली म्हणून माझं कपाट उघडलं. माझ्या नाण्यांवरही तीच झाक आहे. 'थोरली' तुला ठाऊक आहे. मी बावीस वर्षांचा असताना पहिल्या पगारात घेतलेलं ते नाणं. आम्हा दोघांच्या संग्रहातली एकुलती एक दहावी पायरी, म्हणून दाजींनीच तिला ते नाव दिलं होतं. तीही पिवळी पडलीय. तीनशे बारा नाण्यांत एक धड नाही. दाजींच्या पेटीतून काहीतरी लागण आली असणार.

वाचून, विचार करून ठरवलंय. नाण्यांवरचे डाग उतरवण्याचं सौम्य आम्ल मिळतं, त्याची बाटली आणली आहे. पुढच्या रविवारी सकाळच्या उजेडात सुरुवात करणार, 'थोरली'पासून. जन्मभर ज्याला पाप म्हटलं तेच करायची वेळ आली. पण डोळ्यांदेखत सगळं सडू कसं देऊ?

मामा

२१ मार्च

ती. मामा,

तुम्ही फोन काढून टाकला नसता तर आत्ता ओरडून सांगितलं असतं. कुणाचा येत नाही म्हणून फोन काढतात का? आता हे पत्र रविवारच्या आत पोचो, एवढंच.

बाटली उघडू नका. एकाही नाण्याला लावू नका.

चूक माझी आहे. बाबांची नाणी छान दिसावीत म्हणून मी त्यांना शिलाई मशीनचं तेल लावलं होतं. तुम्ही विचारलंत तेव्हा घाबरले आणि खोटं बोलले. तेलामुळेच ती पिवळी दिसतायत. तुमच्या नाण्यांनाही त्याच्या वासाची वगैरे झाक आली असेल, ती आपोआप जाईल. काही महिने कपाट बंद ठेवा आणि काही करू नका.

बाबांची पारख सैल झाली नव्हती. वहीत ते खोडा, मामा.

भिंगरी

२७ मार्च

भिंगरी,

तुझं पत्र सोमवारी पोचलं. काम रविवारी होऊन गेलं होतं.

आधी तेलाचं. तेलानं निकेल पिवळं पडत नाही. मशीनचं तेल पाण्यासारखं असतं, ते मी रोज काट्यांना घालतो. आणि तेलाचा वास सहा तासांच्या प्रवासाला निघून, तीन जिने चढून माझ्या कपाटात शिरत नाही. खोटं बोलताना तरी समोर कोण आहे ते बघावं.

आता 'थोरली'चं. दहा सेकंद बुडवली. पिवळी ती पिवळीच. पुन्हा बुडवली, मग तिसऱ्यांदा. मग कापसावर भुकटी घेऊन चोळली. हो, मी चोळली. पांढरी होईपर्यंत सोडायची नाही असं ठरवून अर्धा तास चोळली. ती तशीच राहिली. खिडकीत ऊन होतं, हातात भिंग होतं आणि पिवळेपणा जराही हलला नाही.

आम्लानं जात नाही, चोळून जात नाही, असा डाग निकेलवर असू शकत नाही. मग तो आहे कुठे, हे मला कळत नाही.

तू लहानपणीसुद्धा खोटं बोलायची नाहीस. फुलदाणी फोडून स्वतः तुकडे घेऊन यायचीस. आता बोललीस, म्हणजे त्याहून मोठं काहीतरी फुटलंय. तुला काय दिसलंय ते लिही. मला बोचेल असं लिहिलंस तरी चालेल.

मामा

१ एप्रिल

ती. मामा,

पाकिटं पांढरी होती.

दोन्ही वेळची. तुमचं १७ तारखेचं पत्र वाचून मी उरलेली पाकिटं घेऊन दुकानाच्या दारात गेले आणि आमच्याकडच्या सगळ्यात पांढऱ्या दोऱ्याशेजारी धरली. मालकीणबाईंनाही दाखवली. त्या म्हणाल्या, 'यात काय बघायचं? पांढरं आहे.' तिथेच मला सगळं एकदम कळलं. दिवे, शाई, सदरे, कारखान्याचे काटे, जिन्यातल्या बाई. मामा, पिवळेपणा नाण्यांवर नाही. तुमच्या डोळ्यांत आहे.

हे लिहायला मी भ्याले. तुमच्याकडे पारख सोडून दुसरं काय आहे, असा विचार आला. तुमची किंवा बाबांची, एकाची तरी लाज जाणार होती. म्हटलं, त्यापेक्षा आपली जाऊ दे. पण तुम्हाला तेल पटेल असं मला वाटलंच कसं?

बाबांचं सांगते. त्या चिठ्ठ्या त्यांनी लिहिल्या तेव्हा मी शेजारी बसलेले होते. ते आधी दोर मला मोजायला लावायचे, मग स्वतः मोजायचे. सहा होते. आणि ते कुणाला सूट देणारे नव्हते, हे माझ्याइतकं कुणाला माहीत? अठरा वर्षांपूर्वी मी त्यांचं एक नाणं टेबलावर गरगर फिरवलं, ते फरशीवर पडून त्याची कड चेपली. त्या दिवशी मला भिंगरी हे नाव मिळालं आणि नाणं नववीवरून सहावीवर आलं. त्याची चिठ्ठी तुम्हीच फोडली होती, आठवतंय? 'मुलीनं फिरवलं. सहावी.' मी रात्री जेवले नाही, तरी त्यांनी सातवी केली नाही.

एक करा. एक डोळा झाका आणि पाकीट बघा, मग दुसरा.

'थोरली'चं वाचून मला रडू आलं. माझं पत्र एक दिवस आधी निघायला हवं होतं.

भिंगरी

१० एप्रिल

चि. भिंगरी,

पत्र वाचून दोन दिवस तुझ्यावर रागावलो. तिसऱ्या दिवशी दार लावून घेतलं, बघायला कुणी नव्हतं तरी, आणि पाकीट घेऊन खिडकीत बसलो. उजव्या डोळ्यानं ते चहा सांडलेल्या कागदासारखं दिसलं. डाव्यानं जुन्या वर्तमानपत्रासारखं. एकच पाकीट एका वेळी दोन रंगांचं असू शकत नाही. पुढे वाद घालायला जागाच उरली नाही.

मग वही काढली आणि रीतसर नोंद केली. उजवा डोळा, तिसरी पायरी. डावा, सहावी. ताणून सहावी.

डॉक्टरांनी बघितलं. मोतीबिंदू, उजवा पिकलाय. म्हणाले, 'अहो, इतके दिवस कळलं कसं नाही?' मी म्हटलं, मी पारखी आहे, मला दुसऱ्याचे दोष दिसतात. छप्पन्नाव्या वर्षी लवकरच आला म्हणतात, पण आला. नाचता येईना अंगण वाकडं, ही म्हण मी आयुष्यभर दुसऱ्यांना ऐकवली. पाकिटवाल्याची माफी माग.

वहीतली ती वीस वाक्यं लाल शाईनं खोडून प्रत्येकापुढे सही केली. 'दाजींचं मत ग्राह्य.' खोडाखोडीची वही मला आवडत नाही, पण ही पानं तशीच राहतील.

ऑपरेशन वीस तारखेला, शुक्रवारी सकाळी आहे. आदल्या दिवशी दवाखान्यात जायचंय. एक फॉर्म भरायला दिलाय. त्यात 'सोबत कोण' असा रकाना आहे. बाकी सगळं सुवाच्य अक्षरात भरलं. तो रकाना रिकामा आहे. नर्स म्हणते, रिकामा चालत नाही.

मामा

१३ एप्रिल

मामा,

रकान्यात 'भाची' लिहा. बुधवारच्या दुपारच्या गाडीनं येते. मालकीणबाईंनी आठ दिवस दिलेत.

स्टेशनवर येऊ नका. तुम्ही भलतीलाच घेऊन घरी जाल.

भिंगरी

१९ मे

चि. भिंगरी,

तू गेलीस त्या दिवशी पट्टी निघून चार-पाच दिवस झाले होते, तरी डोळ्याला ताण द्यायची बंदी होती. ती मागच्या आठवड्यात उठली. चौतीस वर्षं भिंग डोळ्याला लावलं, आता डॉक्टरांनी ते आतच बसवून दिलंय.

सदरे पांढरे आहेत. सगळेच. परटाला हे सांगितलं तर तो म्हणाला, 'मग आजवर काय होते?' वरच्या बाई जिन्यात दिसल्या. मी आधी नमस्कार केला. त्या इतक्या दचकल्या की हातातली पिशवी पडली.

तू ठेवून गेलेली शेवटची वीस नाणी बघितली. मग चिठ्ठ्या फोडल्या. सतरा ठिकाणी दाजींची आणि माझी पायरी तीच. तीन ठिकाणी एका पायरीचा फरक, त्यातल्या दोन ठिकाणी त्यांचंच बरोबर. शेवटची चिठ्ठी दोन दिवस फोडली नव्हती. फोडली तर कळलं, आठवी. माझीही आठवी. ती वाचून घडी पुन्हा होती तशी घातली. यापुढे दाजींकडून काही यायचं नाही. खोली तुझे आठ दिवस सोडले तर एरवी होती तशीच आहे, पण आता तिच्यातली शांतता नीट दिसते.

एक काम राहिलं होतं, ते मुद्दाम शेवटी केलं. 'थोरली' बाहेर काढली. नव्या डोळ्यानं मला सगळ्यात स्पष्ट दिसलेली गोष्ट म्हणजे माझं स्वतःचं काम.

ती सोबत पाठवतोय. पाकिटात माझी चिठ्ठी आहे, चिकटवलेली. दाजींच्या जागी आता तू बघायचं. दारातल्या उजेडात बघ आणि पायरी पाकिटावर लिही. मगच चिठ्ठी फोड. तेल लावू नकोस. माझ्यासाठी एकदा लावलंस, ते मी विसरणार नाही. पण आता मला खरी पायरी हवी. ती दुसऱ्या कुणाला विचारावी असं कुणी राहिलेलं नाही.

मामा

२८ मे

ती. मामा,

'थोरली' सोमवारी पोचली. दुकान उघडायच्या आधी दारात उभी राहून बाबांच्या भिंगानं बघितली. एकदा नाही, तीन सकाळी, कारण पहिल्या दोन सकाळी माझ्या मनात आठवी येत होती आणि ती नाणं बघून येत नव्हती.

दोर सहा आहेत, सुटे मोजता येतात. रंग पांढरा. पण अंगावरची टाकसाळीची चमक गेलीय. नाणं तिरकं केलं की उजेड त्यावरून फिरत नाही, तिथेच पडून राहतो. आणि जहाजापासून कडेपर्यंत बारीक ओरखडे, सगळे एकाच दिशेनं, कापूस फिरला तसे.

मी पाकिटावर लिहिलं, 'धुतलेलं. पायरी नाही.' पेन्सिल जोरात दाबली गेली, कागद जरा फाटलाय.

मग तुमची चिठ्ठी फोडली. 'मामानं धुतलं. पायरी नाही.'

फरक नाही, मामा. वहीत तशी नोंद करा.

'थोरली' बाबांच्या पेटीत ठेवलीय. तुमच्या मागच्या पत्रातलं काहीतरी चुकलंय असं मला वाटत होतं, ते आता सापडलं. 'यापुढे काही यायचं नाही' असं लिहिलंत, पण पाकिटं अजून येणार आहेत. सोबत ते कड चेपलेलं नाणं पाठवतेय, अठरा वर्षांनी पुन्हा पारखायला. चिठ्ठी माझी आहे, चिकटवली आहे. आधी नाणं बघा.

भिंगरी